फेस बसेपर्यंत

आण्णा, मागच्या आठवड्यात मी स्वतःच्या हाताने प्रोटीनच्या पाण्यात साबण घातला. चुकून पडला नाही, समजून-उमजून घातला. धुण्याचा साबण नव्हे तो. आमच्याकडे त्याला डिटर्जंट म्हणतात, मधासारखा घट्ट आणि फिकट पिवळा असतो, आणि घालतात तोही बादलीत चिमूटभर मीठ पडावं इतकाच. पण हे सगळं ऐकूनही तुम्ही एवढंच म्हणाला असतात की साबण तो साबणच. म्हणून आज रविवारच्या दुपारी, पाथर्डी फाट्यावरच्या माझ्या घरी, गच्चीवरचे कपडे आत आणून झाल्यावर हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या केसांत आता काळ्यापेक्षा पांढरे जास्त आहेत, आणि तरी त्या दिवशी बाटलीचं झाकण उघडताना मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

तुम्ही सिन्नरजवळच्या आपल्या गावात डेअरीवर दूध घ्यायचात. लोक म्हणायचे तुम्ही दूध मोजता, पण तुम्ही खरं म्हणजे दूध तपासायचात. पहाटेपासून रांग लागायची, किटल्या, कॅन, क्वचित कुणाची पितळी बरणी. लॅक्टोमीटरवर डिग्री पाहून झाली, फॅट लागली, की ज्याच्याबद्दल तुम्हाला शंका असेल त्याचं थोडं दूध तुम्ही काचेच्या नळीत घ्यायचात, तेवढंच पाणी घालायचात, अंगठ्याने तोंड दाबून जोरात हलवायचात आणि नळी उजेडाकडे धरून उभे राहायचात. चांगल्या दुधाचा फेस हळूहळू बसतो. साबण असेल तर तो डोक्यावर पागोटं बांधल्यासारखा तसाच राहतो. फेस बसेपर्यंत रांगेतलं कोणी बोलायचं नाही. मी शाळेत जाताना तिथून जायचे तेव्हा मला ती शांतता आवडायची नाही. ज्याचं दूध नळीत असे तो माणूस फेसाकडे पाहत नसे. तो तुमच्या तोंडाकडे पाहायचा.

घरीही तुम्ही तेच होतात. हळद आणली की आधी ग्लासात पाण्यात सोडून बघायची, गूळ बोटांनी चुरडून बघायचा, चहापत्ती ओल्या कागदावर. पाण्याचा ग्लास हातात दिला तरी आधी नाकाशी जायचा. आई म्हणायची, "ह्यांना देवाचं तीर्थ दिलं तरी आधी वास घेतील." तुम्ही हसायचा नाहीत. आमच्याकडे भांडी राखेनेच घासायची असा तुमचा दंडक होता, दुधाच्या भांड्यांजवळ पावडर यायची नाही. एकदा मी मैत्रिणीच्या घरी पाहिलं म्हणून हौसेने सगळी भांडी धुण्याच्या पावडरने घासली. लख्ख निघाली. मी ती मोरीबाहेर उन्हात ओळीने मांडली आणि तुमची वाट पाहत बसले. तुम्ही आलात, एक पातेलं उचललंत, वास घेतलात आणि म्हणालात, "भांडं तुला सोच्छ दिसतंय. दुधाला तसं दिसत नाय." मग ती सगळी भांडी मी परत विसळली, पुन्हा विसळली, बोटांची कातडी पांढरी पडेपर्यंत. तुम्ही शेजारी उभं राहून पाणी ओतत होतात. रागावला नव्हतात, हेच मला अजून आठवतं. तुम्हाला फक्त खात्री करून घ्यायची होती.

मी नाशिकला कॉलेजात शिकायला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला पांढरा कोट आणून दिलात, गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. घोट्यापर्यंत लांब होता. आई म्हणाली, पोरगी काय आता वाढणार हाय का. तुम्ही म्हणालात, कापड दिलं तेवढ्याचा कोट शिवायला सांगितला, नायतर उरलेलं त्याने ठेवून घेतलं असतं. तो कोट मी खाली दुमडून वापरला. पहिल्या वर्षी मुली हसायच्या, पण माझ्या कोटाला सगळ्यांत मोठे खिसे होते.

आता साबणाचं सांगते. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे, हे तुम्ही पाहिलेलं नाही. आम्ही एक प्रोटीन बनवतो, ते रक्ताच्या तपासणीच्या किटमध्ये जातं. दुधातलं जसं प्रोटीन असतं तसंच हे, पण एकाच कामाचं आणि फार नाजूक. पाण्यात छान विरघळतं, पाण्यासारखंच नितळ दिसतं. अडचण अशी की इथून निघताना नितळ असलेल्या कुप्या कसारा घाट उतरून मुंबईला पोचल्या की गढूळ व्हायच्या. आत पांढरे धागे तरंगायचे, नासलेल्या दुधात दिसतात तसे. असं प्रोटीन किटमध्ये गेलं तर आजारी माणसाला तुम्ही ठणठणीत आहात असं सांगेल. म्हणून आम्ही कुप्या परत मागवायचो, फेकायचो, पुन्हा बनवायचो. बर्फ वाढवून पाहिला, मीठ बदलून पाहिलं, कुप्या बदलल्या. साहेबांनी सांगून टाकलं होतं की पावसाळा संपायच्या आत हे सुटलं नाही तर हे प्रोटीन बंद करायचं, आणि त्यावर काम करणारी माणसंही मग लागणार नाहीत.

त्याच सुमारास ती आली. सुरगाण्याकडची, डोंगरातल्या पाड्यावरची मुलगी. घरी भात आणि नागली, आईवडील दर हिवाळ्यात द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरणारे, आणि ही शिष्यवृत्तीवर शिकत शिकत पीएचडी झालेली. अजून कायम व्हायची होती. हळू बोलायची, मला ताई म्हणायची, डब्यातली नागलीची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे सरकवायची. मला ती आवडत होती. तरी पहिल्या आठवड्यात मी तिची भांडी विसळण्याची पद्धत दोनदा उभं राहून पाहिली, हेही खरं.

एक दिवस ती म्हणाली, "ताई, आपण यात थोडं डिटर्जंट घालून बघूया का?"

मी म्हणाले, "आपलं प्रोटीन पाण्यात विरघळतं की. डिटर्जंट लागतं ते पेशीच्या चरबीत रुतून बसलेल्या प्रोटीनला. ते त्याशिवाय बाहेर येत नाही. विरघळलेल्याला साबण कशाला?"

"विरघळवायला नाही. सांभाळायला." समोरची कुपी उचलून ती म्हणाली, "ताई, सीबीएस स्टँडवर सुरगाण्याची गाडी लागली की लोक काय करतात? दार उघडायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकतात. जागा धरून ठेवतात. कुपी हलली की आत हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे प्रोटीन धाव घेतं. तिथे पोचलं की त्याची घडी उलगडते, उलगडलेली एकमेकांना चिकटतात आणि मग धागे दिसतात. डिटर्जंट त्याच्या आधी तिथे जाऊन बसतं. सगळ्या जागांवर रुमाल. प्रोटीनला वर जागाच मिळत नाही, मग ते आपलं आत पाण्यात राहतं, घडी न मोडता. कुपीच्या भिंतीला चिकटतं तेही थांबतं."

सगळं मला कळलं. पुस्तकात मीही ते कधीतरी वाचलं होतं. तरी आतून काहीतरी म्हणालं, ही इतकं सोपं करून सांगते आहे म्हणजे काहीतरी लपवते आहे. आण्णा, ते आतलं कोण बोलतं, हे मला ठाऊक आहे.

तिने करून पाहिलं. काचेसारखं पारदर्शक डिटर्जंट, अगदी थोडं. कुप्या यंत्रावर ठेवून दिवसभर हलवल्या. साध्या कुप्यांत धागे आले, तिच्या कुप्या नितळ राहिल्या. साहेब आनंदले. मग तिने प्रोटीन मोजलं आणि आकडा सांगितला. तो आकडा ऐकून माझे कान टवकारले. डिटर्जंट घालण्याआधी जेवढं प्रोटीन होतं त्यापेक्षा हलवल्यावर जास्त भरत होतं. थोडं नव्हे, चांगलंच जास्त. सगळे म्हणाले, वा, काहीच वाया गेलं नाही. मी मनात म्हणाले, दूध गोठ्यात एवढं होतं आणि डेअरीत येईपर्यंत वाढलं कसं?

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तिची डिटर्जंटची बाटली घेतली, साध्या पाण्यात त्याचे थेंब सोडले आणि ते पाणी मोजायच्या मशीनमध्ये ठेवलं. त्यात प्रोटीन नव्हतंच. मशीनने मात्र प्रोटीन दाखवलं. ते मशीन एका ठरावीक प्रकाशाचा किती भाग अडतो ते बघतं, आणि हे डिटर्जंट तो प्रकाश स्वतःच अडवतं. म्हणजे साबण आपल्या अंगावर प्रोटीनचे कपडे घालून मशीनसमोर उभा राहत होता. दुधात युरिया टाकून आकडे फसवायचे ते लोक मला आठवले, ज्यांच्याबद्दल तुम्ही जेवताना ताट बाजूला सारून बोलायचात.

त्याच क्षणी मी तिला फोन करून विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं. मी ती बाटली माझ्या कपाटात ठेवली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी मी तिला नुसती पाहत राहिले. ती लवकर का आली, मला पाहून फोन का ठेवला, साहेबांच्या केबिनमध्ये एकटी का गेली. ती बाटली शोधत होती, रॅकवर, फ्रिजमध्ये, सिंकखाली. मी पाहत होते आणि बोलत नव्हते. आकडा फुगला की नोकरी कायम होणार, हे तिला माहीत नाही असं कसं? एवढी शिकलेली मुलगी, डिटर्जंट प्रकाश अडवतं हे तिला ठाऊक नसेल? एकेक गोष्ट मी तिच्या विरुद्ध रचत गेले आणि प्रत्येक गोष्ट चपखल बसत गेली. ती चपखल बसते आहे याचंच मला समाधान वाटत होतं. दुपारी तिने भाकरी पुढे केली तेव्हा मी म्हणाले, आज उपास आहे. उपास नव्हता.

तेव्हा मला पलीकडच्या मळ्यातल्या काकू आठवल्या, आण्णा. त्यांची एकच म्हैस होती आणि डेअरीत सगळ्यांत चांगली फॅट त्यांच्या दुधाची लागायची. तुम्हीच सांगायचात. एका सकाळी त्यांच्या नळीतला फेस बसला नाही. मी दप्तर घेऊन तिथेच उभी आहे. तुम्ही पुन्हा दूध घेता, पुन्हा हलवता. फेस तसाच. तुम्ही किटली त्यांच्याकडे परत सरकवता.

"आण्णा, म्या कशाला साबण टाकू?" काकू म्हणतात. "माझी नातवंडं हेच दूध पेत्यात."

"तुम्ही टाकला असं मी कुठं म्हणलो? दुधात हाय, एवढंच म्हणलो."

"मंग त्येचा अर्थ काय झाला?"

तुम्ही पुढच्या माणसाला हात केलात. काकू किटली डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या समोरून परत गेल्या. संध्याकाळी चुलीपाशी आई म्हणाली, "त्यांची धाकली सून नवीन हाय. किटली पावडरीनं घासली असंल, पाणी कमी घातलं असंल." तुम्ही म्हणालात, "असंल." आई म्हणाली, "मंग तसं म्हणा ना चार लोकांत." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "मपल्या नळीला दूध कळतं. माणूस कळत नाय." मला ते वाक्य तेव्हा फार भारी वाटलं होतं. कितीतरी वर्षं मी ते लोकांना कौतुकाने सांगत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मळ्यात गेलात, आईचं म्हणणं खरं निघालं, किटली तुमच्यासमोर उकळत्या पाण्याने धुतली गेली आणि काकूंचं दूध पुन्हा सुरू झालं. इथपर्यंत तुमचं बरोबरच होतं. पण त्यानंतर रोज, न चुकता, काकूंचं दूध नळीत जायला लागलं. बाकीच्यांचं शंका आली तर, काकूंचं दररोज. फेस दररोज बसायचा, तरी दुसऱ्या दिवशी नळी परत. सुगी संपली, उन्हाळा आला, तरी चालूच. एका सकाळी काकू आपल्या दारात आल्या. तुम्ही अंगणात दात घासत होतात.

"दूध घेता आण्णा, पण रोज चोराची झडती घेतल्यावानी घेता."

"नियम हाय."

"नियम समद्यांना हाय का मला एकटीला?"

तुम्ही चूळ भरलीत आणि तांब्या उचलून आत गेलात. काकूंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दूध सिन्नर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर जायला लागलं. तुम्ही कितीतरी दिवसांनी जेवताना आईला म्हणालात, "फॅट लय चांगली लागायची तिची." एवढंच. आईने तुमच्या ताटात आमटी वाढली.

हे सगळं आठवलं म्हणून मी लगेच शहाणी झाले असं समजू नका. मी तशीच गप्प राहिले. शेवटी तीच माझ्या टेबलाशी आली. लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो, बाहेर शिफ्ट सुटल्याचा गलका चालू होता.

"ताई, माझी बाटली तुमच्या कपाटात आहे का?"

"आहे."

"मी सोमवारपासून शोधते आहे. तुम्ही बघत होतात मला शोधताना." आवाज चढला नव्हता, पण ती कोटाच्या बाह्या खाली ओढत होती. "मला वाटलं, तुम्ही हे काम स्वतःच्या नावावर दाखवणार आहात. मी सरांच्या केबिनमध्ये गेले होते ते हेच विचारायला. त्यांनी मलाच वेड्यात काढलं."

मी कल्पनाही केली नव्हती. ती माझा संशय घेत होती, ते मी पाहत होते आणि त्याला मी तिची लबाडी समजत होते. मी कपाट उघडलं, बाटली टेबलावर ठेवली, साध्या पाण्यात थेंब सोडले आणि मशीन चालवलं. "हे बघ. यात प्रोटीन नाही."

ती आकड्याकडे पाहत राहिली. मी विचारलं, "तू शून्य कशावर लावलं होतंस?" मोजायच्या आधी मशीनला साधं पाणी दाखवून सांगावं लागतं की हे शून्य समज, जसा तुम्ही काटा रिकाम्या पारड्यावर सरळ करायचात.

"आपल्या नेहमीच्या पाण्यावर. डिटर्जंट नसलेल्या."

"का?"

"तुम्ही सांगितलं होतं ना, ताई. पहिल्याच दिवशी. इथे शून्य कुणी बदलायचं नाही. माझ्या मनात आलं होतं की डिटर्जंटवालं पाणी लावावं. पण तुम्ही मागे उभ्या होतात." मग म्हणाली, "तुम्ही मागे उभ्या राहिलात की मला माझं काहीच आठवत नाही."

मी सांगितलं होतं, हे खरं. तिच्या आधी इथे एक जण होता तो दरवेळी आपल्या सोयीचं शून्य लावायचा, म्हणून मी तो नियम केला होता आणि नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी जरा करड्या आवाजात सांगायचे. तिच्यावर बोट ठेवायला मी इतका वेळ ज्या जागा शोधत होते, त्यातल्या एकीवर माझंच बोट होतं.

आम्ही दोघींनी मिळून पुन्हा मोजलं. डिटर्जंट घातलेल्या पाण्यावर शून्य लावलं. तिचा फुगलेला आकडा खाली आला. पण पार बसला नाही, आण्णा. साध्या कुप्यांमधलं निम्मं प्रोटीन धाग्यांत गेलं होतं, तिच्या कुप्यांमधलं जवळजवळ सगळं पाण्यात शाबूत होतं, आणि नुसतं होतं असं नाही, ते आपलं काम करत होतं. काम करतंय का हे वेगळं पाहावं लागतं, रंग चढतो त्यावरून, कारण मेलेलं प्रोटीनही मोजणीत जिवंतासारखंच भरतं. म्हणजे तिचा आकडा खोटा होता आणि तिचं म्हणणं खरं होतं. तुमच्या नळीत अशा दुधाला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः साहेबांना सांगितलं की माझा आकडा चुकला. मी शून्याच्या नियमाचं सांगितलं. साहेब म्हणाले, प्रकाश न अडवणारं दुसरं डिटर्जंट घ्या आणि पुढे चला.

ते दुसरं म्हणजे हे मधासारखं पिवळं. आणि इथे माझा संशय कामाला आला, हेही तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सगळं तुमच्यावर ढकलते आहे. लॅबमध्ये त्याची एक अर्धी वापरलेली बाटली कधीपासून उघडी पडली होती. ती म्हणाली, ही आहेच की. मी म्हणाले, नको, तेल जसं उघडं राहून खवट होतं तसं हेही होत असेल. तिने वाद घातला नाही. उघड्या बाटलीतलं आणि नव्या सीलबंद बाटलीतलं, असे दोन्ही घालून आम्ही कुप्या ठेवून दिल्या. काही आठवड्यांनी उघड्या बाटलीच्या कुप्या दिसायला नितळ होत्या, धागा एक नाही, पण रंग चढेना. प्रोटीन आतून खराब झालं होतं. हवा लागून त्या डिटर्जंटमध्ये जे तयार होतं ते प्रोटीनला हळूहळू खातं. नव्या बाटलीच्या कुप्या ठीक होत्या. ती म्हणाली, "हे मला सुचलं नसतं." मी म्हणाले, मलाही सुचलं नाही, माझ्या घरी सीलबंद नसलेलं काही येतच नसे. शेवटच्या आजारपणात सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला तुम्ही आधी बाटलीचं सील दाखवायला लावलं होतं, ते मी तिला सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, "त्यांना भीती वाटत असेल." मला हे कधी सुचलं नव्हतं. तुमच्याबद्दल भीती हा शब्द आमच्या घरात कोणी वापरला नव्हता.

मागच्या आठवड्यात पहिली खरी खेप भरली. डिटर्जंट मोजून मी घातलं, तिने सांगितलं की तुम्हीच घाला. कुप्या घाट उतरून मुंबईला गेल्या, तशाच गाडीने परत आल्या, आणि आम्ही दोघींनी त्या खिडकीशी धरून पाहिल्या. नितळ. रंगही चढला. प्रोटीन बंद होणार नाही. ती कायम झाली.

पण ती आता मला ताई म्हणत नाही. मॅडम म्हणते. मुद्दाम नाही, भांडण म्हणून नाही, बोलता बोलता कधी बदललं ते तिलाही कळलं नसेल. तिची बाटली तिच्याच कपाटात असते, किल्ली लावून. भाकरी पुढे करते, पण आधी विचारते, आज खाणार का. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. मी तिची अजून माफी मागितलेली नाही. चूक कबूल केली, कामाची. कपाटाबद्दल काही बोलले नाही.

काल निघताना ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी घरी चालले आहे, मॅडम. आवणी आहे." आवणी म्हणजे भाताची लावणी, त्यांच्याकडे तसं म्हणतात. "आई म्हणते, तुझ्या त्या मॅडमला घेऊन ये. येता का? चिखलात उतरायला नको, बांधावर बसा नुसत्या." मी म्हणाले, बघते.

हे कागद कुणाला दाखवायचे नाहीत. आईला दाखवले तर ती म्हणेल, मेलेल्या माणसाशी भांडू नये. मी भांडत नाही आहे. एकच सांगायचं राहिलं. ती ये म्हणाली तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, ही मला का बोलावते आहे, हिला माझ्याकडून काय हवं असेल? रिक्षात बसल्यावरही तोच होता. घरी येऊन चहा ठेवला, तेव्हा कुठे दुसरी गोष्ट लक्षात आली. मला जायचं आहे, आण्णा.